मेनूची उजवी बाजू

हॉटेलात मेनूकार्ड हाती आलं की माणूस आधी उजवीकडे बघतो. पनीर कसलं आहे हे नंतर, केवढ्याला आहे हे आधी. नजर उजव्या रकान्यातून खाली उतरते, परवडणाऱ्या आकड्यापाशी थांबते आणि मग डावीकडे सरकून तेवढ्यात काय मिळतं ते वाचते. हाच माणूस संगणकासमोर बसून ‘फाइल’ किंवा ‘एडिट’चा मेनू उघडतो तेव्हा त्याला उजवी बाजूच उरत नाही. तिथंही रकाना असतो. ‘सेव्ह’समोर कंट्रोल एस, ‘फाइंड’समोर कंट्रोल एफ, ‘प्रिंट’समोर कंट्रोल पी. हॉटेलातला रकाना सांगतो किती जाणार, हा सांगतो पुढच्या खेपेपासून किती वाचणार. खर्चाचा रकाना तोंडपाठ करायचा आणि बचतीच्या रकान्याकडे ढुंकूनही पाहायचं नाही, असा आपला हिशेब आहे.

वर्ध्यात या विषयाचा अभ्यास करायला विद्यापीठाची टेकडी चढावी लागत नाही. कोर्ट, तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्या आसपास ‘टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ अशा पाट्यांची दुकानं आहेत. त्यांतल्या कुठल्याही दुकानातल्या बाकावर अर्धा तास बसावं. लाइन गेलेली नसावी, एवढीच अट.

तिथला ऑपरेटर मेनू उघडत नाही. माउस त्याच्याकडे असतो, पण त्याच्याखाली उधारीच्या चिठ्ठ्या दाबून ठेवलेल्या असतात. आर्वीहून, देवळीहून, समुद्रपूरहून माणसं कागद घेऊन आलेली असतात. कोणाला प्रतिज्ञापत्र हवं, कोणाला वारसाचा अर्ज, कोणाला सोयाबीनच्या नुकसानीची तक्रार. ऑपरेटर एकेकाचा कागद बघतो, जुनी फाइल उघडतो, बोटं कुठंतरी पडतात, पान एकदा झुलतं आणि प्रिंटर सुरू होतो. गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राहतं.

या वेगामागं धंद्याचं गणितही आहे. गिऱ्हाइकासमोर मेनू उघडणं घातक असतं. मेनू उघडला की त्यातली अक्षरं दिसतात, बाण कुठं गेला ते दिसतं आणि ‘एवढंच होय? हे तं आमचा पोट्टा बी करते’ असं मनात येऊन माणूस पन्नासाचे तीस करायला लागतो. शॉर्टकटला साक्षीदार नसतो. काय झालं ते दिसतं, कसं झालं ते दिसत नाही, आणि जे कसं झालं ते कळत नाही त्याचे पैसे आपण मुकाट्यानं देतो. डॉक्टर आणि वकील यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

“भाऊ, आता काय केलं तुम्ही?” असं विचारावं तर उत्तर येतं, “काही नाही, आदत झाली.” ते खोटं नसतं. बोटांना जे येतं ते तोंडाला सांगता येतंच असं नाही. मग ही विद्या पुढं जाते कशी? खुर्चीच्या मागं उभं राहून. दुकानात चहा आणणारा, लॅमिनेशन करणारा एक पोरगा असतो. तो मालकाच्या खांद्यावरून बघत राहतो. एक दिवस मालक जेवायला जातो, पोरगा खुर्चीत बसतो आणि सरळ कंट्रोल एच मारतो.

कंट्रोल एच म्हणजे फाइंड अँड रिप्लेस. अशाच एका पोरानं तो मारला तेव्हा मी बाकावर होतो. जुनं प्रतिज्ञापत्र रामच्या नावाचं होतं, नवं गणेशचं हवं होतं. पोरानं ‘राम’च्या जागी ‘गणेश’ लिहिलं, ‘रिप्लेस ऑल’ दाबलं आणि प्रिंट काढून समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना दिली. त्यांनी चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला.

“काहून रे बाप्पा, हे सेवाग्गणेश कोनतं गाव होय?”

पोरानं डोकावून बघितलं. सेवाग्रामच्या पोटात राम आहे, हे गांधीवाद्यांना माहीत असेल. संगणकाला ते फारच शब्दशः माहीत होतं. ‘सेवाग्राम’चं ‘सेवाग्गणेश’ झालं होतं, ‘ग्रामपंचायत’ ही ‘ग्गणेशपंचायत’ झाली होती आणि पत्त्यातलं रामनगर हे गणेशनगर होऊन बसलं होतं. गंमत म्हणजे जुन्या कृतिदेव फाँटच्या काळात ‘ग्राम’चं असं होत नसे. त्यात ‘ग्रा’मधला र हा वेगळ्या कळीवरचा तिरका तुकडा असे, सुट्या ‘र’शी त्याचं नातं नव्हतं. युनिकोड आलं, सगळे र एकाच घराण्याचे झाले आणि रामाला ग्रामातून हुसकावणं सोपं झालं.

यावर उपाय आहे. त्याच खिडकीत ‘मोअर’ नावाचं बटण आहे, ते दाबलं की खाली ‘पूर्ण शब्दच शोधा’ अशा अर्थाची चौकट निघते. पण ती चौकट कोणाला दिसत नाही, कारण मालकाच्या खांद्यावरून ती कधी दिसलेली नसते. आणि दिसली असती तरी मराठीत ती अर्धीच कामाची. पूर्ण शब्द म्हटलं की ‘रामने’, ‘रामचा’, ‘रामला’ हे सगळे निसटून जागच्या जागी राहतात. आपले विभक्ती प्रत्यय कुठल्याच सॉफ्टवेअरला वश झालेले नाहीत.

खांद्यावरून शिकण्याचा दुसरा धोका लग्नसराईत दिसतो. पत्रिका कोरलड्रॉमध्ये होते. छापखान्यात फाइल देण्याआधी अक्षरांचे ‘कर्व्ह’ करावे लागतात, नाहीतर तिकडे फाँट नसला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी चौकोन छापून येतात. कर्व्ह करायचा शॉर्टकट कंट्रोल क्यू. पोरगा हे बघून बघून शिकतो आणि त्याच टेबलावरच्या पेजमेकरमध्येही कंट्रोल क्यू मारतो. पेजमेकरमध्ये कंट्रोल क्यू म्हणजे दुकान बंद. ‘सेव्ह करायचं का?’ असं तो सभ्यपणे विचारतो, पण लग्नसराईत कोणाला काही वाचायला वेळ नसतो. घाईत ‘नो’ दाबलं जातं आणि कुठल्यातरी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल पंचत्वात विलीन होतो. दोन्ही प्रोग्रॅमांच्या मेनूत, उजव्या बाजूला, कंट्रोल क्यू म्हणजे काय ते छापलेलं असतं.

मग ते दिसत का नाही? गूगलवर लोक शोध कसा घेतात याचा अभ्यास करणारे डॅन रसेल यांनी २०११ साली सांगितलं होतं की त्यांच्या पाहणीत दहांतल्या नऊ जणांना पानावरचा शब्द शोधायचा कंट्रोल एफ माहीतच नव्हता. हा कंट्रोल एफ तळघरात पुरून ठेवलेला नाही. एडिटच्या मेनूत ‘फाइंड’च्या शेजारी तो वर्षानुवर्षं उभा आहे. अडचण अशी की मेनू उघडताना आपल्या मनात काम असतं, शिकणं नसतं. ‘फाइंड’ हा शब्द दिसताक्षणी बोट क्लिक करतं, आणि क्लिक झालं की मेनू मिटतो. म्हणजे धडा सुरू व्हायच्या क्षणी शाळा सुटते. पुढच्या वेळी पुन्हा तेच. माणूस वीस वर्षं रोज शाळेत जातो आणि रोज हजेरी होताच घरी येतो.

क्लासवाल्यांनी यावर पाठांतराचा तोडगा काढला आहे. सरकारी नोकरीला एमएस-सीआयटी लागतं, म्हणून तालुक्याच्या गावापर्यंत संगणकाचे वर्ग पोचले. तिथं सर फळ्यावर कंट्रोल ए ते कंट्रोल झेड अशी सव्वीस कळांची यादी लिहून देतात. पोरं वहीत लाल-निळ्या पेनांनी चौकटी आखून ती उतरवतात आणि पाढे म्हणावेत तशी म्हणतात. कंट्रोल ए सिलेक्ट ऑल, कंट्रोल बी बोल्ड, कंट्रोल सी कॉपी. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. मग तीच मुलगी संगणकासमोर बसते, माउस हातात घेते, फाइलवर जाते, सेव्हवर जाते आणि क्लिक करते. पाठ झालंय ते तोंडाला. सेव्ह करायचंय ते हाताला. तोंडानं हाताला अजून कळवलेलं नसतं.

हे वर्ध्यात व्हावं, हा खरा विनोद. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावात शिक्षण परिषद भरली, गांधीजी तिचे अध्यक्ष होते, झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला आणि ‘नई तालीम’ जन्माला आली. पोरांनी पुस्तकं घोकू नयेत, हातानं काम करता करता शिकावं, हा तिचा गाभा. सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्यानं ती चालवून दाखवली. तिथून हाकेच्या अंतरावर आज पोरं ‘कंट्रोल व्ही पेस्ट’ घोकतायत आणि पेस्ट मात्र माउसनं करतायत. नई तालीम चालली ती टायपिंग क्लासात. तिथं कोणी यादी पाठ करत नाही. बोटं ठरलेल्या जागी ठेवून तीच तीच अक्षरं इतक्या वेळा बडवतात की गतीच्या परीक्षेला बसताना बोटांना डोक्याची परवानगी लागत नाही.

या प्रकरणाचा उगम शोधत गेलं तर तो पुन्हा झेरॉक्सच्या दुकानातच सापडतो. कट, कॉपी, पेस्ट ही आज आपल्याला ठाऊक असलेली त्रयी घडवली लॅरी टेस्लर यांनी, टिम मॉट यांच्या जोडीनं, १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात. ते केंद्र झेरॉक्स कंपनीचं होतं. म्हणजे कॉपी-पेस्ट झेरॉक्सवाल्यांकडे जन्मलं आणि पन्नास वर्षांनी बजाज चौकातही झेरॉक्सवाल्यांकडेच नांदतंय. टेस्लर पुढं अॅपलमध्ये गेले. १९८३ च्या लिसा या संगणकापासून झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा अन्डू, कट, कॉपी, पेस्टला मिळाल्या. २०२० साली टेस्लर गेले तेव्हा जगभरच्या बातम्यांत त्यांचा परिचय छापून आला. त्यांतले किती परिचय एकमेकांवरून कंट्रोल सी, कंट्रोल व्ही झाले असतील, हे सांगायला नको.

मेनूच्या उजव्या कडेला शॉर्टकट छापायची रीत १९८४ च्या मॅकिंटॉशनं घरोघरी नेली. सुरुवातीला तिथं प्रत्येक शॉर्टकटआधी अॅपलचं सफरचंद छापायचं ठरलं होतं. मेनू उघडताच सफरचंदांची हातगाडी दिसायला लागली आणि स्टीव्ह जॉब्ज वैतागले. तेव्हा सूझन केअर या चित्रकर्तीनं चिन्हांच्या एका जाड कोशातून चार कोपऱ्यांना फासे असलेला चौकोन शोधून काढला. स्वीडनमध्ये तो प्रेक्षणीय स्थळाच्या पाटीवर वापरतात. म्हणजे मॅकच्या प्रत्येक मेनूत, उजवीकडे, ‘इकडे बघा, बघण्यासारखं आहे’ अशी पाटी चाळीस वर्षांपासून लावलेली आहे. पाटीचा परिणाम सेवाग्रामच्या रस्त्यावरच्या ‘हॉर्न वाजवू नये’इतकाच.

पुढच्या पिढीतल्या कारागिरांना स्वच्छतेचं वेड लागलं. विंडोज ९५ च्या मेनूत प्रत्येक नावातल्या एका अक्षराखाली रेघ असायची. आल्ट धरून ते अक्षर दाबलं की मेनू उघडायचा. विंडोज २००० नं ती रेघ झाकून ठेवली, आल्ट दाबला की ती उगवते. शॉर्टकट आहे हे कळण्यासाठी आधी शॉर्टकट दाबावा लागतो, अशी ही सोय. सातबारा मिळवण्यासाठी सातबाऱ्याची प्रत जोडा, असं म्हणणारा बाबू त्यांच्या कार्यालयात कधी काळी नक्कीच नोकरीला असणार. मग २००७ साली वर्डचे मेनूच गेले आणि चित्रांची रिबन आली. शॉर्टकट आता बटणावर बाण धरून थांबलात तर छोट्या चौकटीत उमटतो. जुन्या कारकुनांची आल्ट, ई, एस ही जपमाळ मात्र त्यांनी मोडली नाही. ती जपली की एक चौकट यायची आणि ‘ही जुन्या आवृत्तीची कळ आहे, चालू द्या’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणायची. सेवानिवृत्तांचा एवढा मान आमच्या कोषागारातही ठेवत नाहीत.

इतकं झाकूनही काही शॉर्टकट उघड्यावर राहिले आहेत. नोटपॅड घ्या. जगातला सगळ्यात गरीब एडिटर, प्रत्येक विंडोजवर फुकट. त्याच्या एडिट मेनूच्या तळाशी ‘टाइम/डेट’ आहे आणि समोर एफ ५. कळ दाबली की त्या क्षणाची तारीख-वेळ कागदावर. फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘लॉग’ लिहून ठेवलं, तर प्रत्येक वेळी फाइल उघडताच तारीख-वेळ आपोआप पडते. आवक-जावक नोंदवणाऱ्या एका बाबूजींना मी हे दाखवलं. त्यांनी एफ ५ दाबून पाहिलं, तारीख पडली, वेळही पडली. ते क्षणभर खूश झाले आणि मग काळजीत पडले. “वेळ कायले टाकते हे? पत्र कधी आलं थे सगळ्याईले समजन ना.” त्यांनी वेळ खोडली आणि तारीख पुन्हा हातानं टाइप करायला घेतली. शॉर्टकट नाकारण्यामागं प्रत्येक वेळी अज्ञानच असतं, हा समज सोडून द्यावा.

झाकण्याची परमावधी गाठली ती व्हीआय आणि व्हिम या एडिटरांनी. त्यांना नेहमीच्या रूपात मेनूच नाही. उघडल्यावर तुम्ही टाइप करता आणि काहीच उमटत नाही, किंवा भलतंच काहीतरी पुसलं जातं. बाहेर पडायचं म्हटलं तर एस्केप, मग विसर्गचिन्हासारखा कोलन, मग क्यू, फारच अडलं तर उद्गारवाचक चिन्ह. ‘व्हिममधून बाहेर कसं पडायचं’ हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेल्याचं २०१७ साली जाहीर झालं. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत यावर पोरांनी स्वतःचा शॉर्टकट काढलेला आहे: मशीनचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. नॅनो नावाच्या साध्या एडिटरनं मात्र स्क्रीनच्या तळाला दोन ओळींत सगळ्या मुख्य कळा लिहून ठेवल्या आहेत, बाहेर पडायची कळ धरून. म्हणून जाणते लोक नॅनोला नावं ठेवतात आणि घाईच्या वेळी गुपचूप नॅनोच उघडतात.

आपल्या लिपीसाठी तर मेनू कुठलाच नाही. ‘वऱ्हाड’ हा शब्द टाइप करायला सांगा. वऱ्हाडात वाढलेल्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाला त्यातला ऱ् सापडत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तो इंग्रजी जे या कळीवर शिफ्ट धरून मिळतो आणि मागून हलन्तासाठी डी मारावा लागतो. दोन कळांचा मामला, पण ते कोणत्याही मेनूच्या कोणत्याही बाजूला लिहिलेलं नसतं. म्हणून लग्नाच्या बॅनरवर ‘वर्हाडी मंडळींचे हार्दिक स्वागत’ असतं आणि मंडळीही ते गोड मानून जेवून जातात. जुन्या फाँटांच्या दुकानांत याची सोय भिंतीवर असते. आल्ट धरून कोणते चार आकडे मारले की कोणतं जोडाक्षर पडतं, त्याचा लॅमिनेट केलेला तक्ता खिळ्याला टांगलेला असतो, कडा पिवळ्या पडलेल्या. मराठी-इंग्रजीची अदलाबदल करायला स्क्रोल लॉक दाबायचा. बाकी जगानं टाकून दिलेल्या त्या कळीला मराठी टायपिस्टानं पोटापाण्याला लावलं, याची नोंद कुठंतरी व्हायला हवी.

लिहिण्याचा शॉर्टकट काढायचं वेड वर्ध्याला आधीपासूनच आहे. १९३० च्या दशकात काका कालेलकरांनी नागरी लिपीच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही वेगळी अक्षरं कशाला? अ लाच वेलांटी, उकार, मात्रा द्या. अि, अी, अु, अू, अे, अै. छापखान्यातले सहा खिळे वाचतील, टंकयंत्रावर सहा कळा मोकळ्या होतील. १९३६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीनं ही बाराखडी उचलली, नवजीवनच्या हिंदी पुस्तकांत ‘अिस’ आणि ‘अुस’ छापून आलं. तिकडे सावरकरही अ च्याच बाराखडीचे पुरस्कर्ते. गांधींच्या गोटाचं आणि सावरकरांचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालं त्यांत ही एक. देशात एकमत दुर्मिळ, त्यातून इतकं वजनदार. तरी लोकांनी ती घेतली नाही. हा शॉर्टकट तर मेनूच्या कडेला करड्या अक्षरांत नव्हता, पानापानावर ठळक छापलेला होता. पण वाचलेल्या कळा छापणाऱ्याच्या होत्या आणि अडखळायचं मात्र वाचणाऱ्यानं होतं. ज्याच्या बोटांचे श्रम वाचणार तोच शिकायचे कष्ट घेतो, दुसरा कोणी घेत नाही.

तर करायचं काय? शिकवण्याचा अतिरेकही होऊन गेला आहे. ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी एक पेपरक्लिप होती, क्लिपी तिचं नाव. ‘प्रिय’ असं लिहिलं की टपकायची: तुम्ही पत्र लिहिताय असं दिसतं, मदत करू का? लोक तिच्यावर इतके चिडले की २००७ पर्यंत तिला घरी पाठवावं लागलं. न विचारता शिकवणारा नको आणि विचारूनही न सांगणारा नको, यांच्या मधला कोणी हवा.

असा एक होऊन गेला. १९७८ साली आलेला वर्डस्टार, रॉब बार्नबी यांनी लिहिलेला. आपल्याकडे नव्वदीच्या आसपास संगणकाच्या क्लासला गेलेल्यांनी लोटस आणि डीबेसच्या जोडीनं तो गिरवला आहे. माउस नव्हता, त्यामुळे सगळाच कारभार कळांवर. कंट्रोल के दाबून पुढचं अक्षर पटकन मारलं की काम होऊन जाई, मध्ये काही उगवत नसे. पण कंट्रोल के दाबून बोट अडखळलं, पुढचं आठवेना, की वर्डस्टार थोडा वेळ वाट पाहून पुढं काय काय मारता येईल त्याचा तक्ता वर उघडून दाखवी. आठवलं तर गप्प, विसरलात तर हजर. शिवाय मदत किती हवी याच्या शून्य ते तीन अशा पायऱ्या होत्या. हात बसत जाई तशी मदत कमी करून घ्यायची. हा प्रोग्रॅम चौसष्ट किलोबाइटच्या यंत्रांवर चालत असे. तुम्ही अडखळलात हे ओळखायला केवढीशी स्मृती पुरते, बघा.

हल्लीच्या काहींना ही अक्कल पुन्हा सुचली आहे. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल शिफ्ट पी दाबून हव्या त्या कामाचं नाव लिहायला लागलं की यादी येते आणि उजवीकडे त्याची कळही दिसते. ईमॅक्समध्ये एखादी आज्ञा लांबलचक नावानं चालवली, तर काम करून झाल्यावर तो खाली एका ओळीत सांगतो की हे अमुक कळांनीही होतं. आधी काम, मग सल्ला. घरातल्या कोणालाच न जमलेला क्रम. मॅकच्या हेल्पमध्ये २००७ पासून शब्द शोधला की मेनू आपोआप उघडतो आणि एक निळा बाण त्या ओळीशेजारी डुलत उभा राहतो. आयपॅडला कीबोर्ड जोडून कमांडची कळ धरून ठेवली की सगळे शॉर्टकट समोर.

माझी मागणी फार नाही. मेनूला थोडी स्मरणशक्ती द्या आणि वर्ध्याचं पाणी पाजा. पहिल्यांदा ‘प्रिंट’वर क्लिक केलं तर गुमान प्रिंट द्यावी. दुसऱ्यांदाही बोलू नये. पण सकाळपासून तोच माणूस त्याच ओळीवर येत राहिला तर मेनूनं मिटण्याआधी एक क्षण थांबून म्हणावं, “कायले एवढ्या दूर येता भाऊ घडीघडी? कंट्रोल पी मारा ना.” एवढं म्हणून गप्प बसावं. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर महिनाभर विषय काढू नये. आणि माणूस स्वतःहून कंट्रोल पी मारायला लागला की कौतुक वगैरे करू नये. वऱ्हाडी माणसाला तोंडावर कौतुक केलेलं संशयास्पद वाटतं.

ही योजना मी कोर्टासमोरच्या त्या ऑपरेटरला ऐकवली. मेनूच शिकवायला लागला तर तुमच्या दुकानाचं कसं होणार, ही काळजीही बोलून दाखवली. त्यानं समोरच्या माणसाचा अर्ज वाचता वाचता, मान वर न करता ऐकून घेतलं. मग त्या अर्जातलं ‘मा. जिल्हाधिकारी साहेब’ खोडून तिथं ‘मा. उपविभागीय अधिकारी’ केलं, विषयाच्या ओळीत एक कलम घातलं, कोणकोणते कागद जोडायचे ते खाली तीन ओळींत लिहिलं, आणि माझ्याकडे वळला.

“शिकवू द्या ना भाऊ. कंट्रोल पी त मीच सांगतो सगळ्याईले, फुकट. अर्ज कोनाच्या नावानं कराचा थे कोनत्या मेनूत हाय, थे सांगा.”